मूठभर ज्वारी आणि डावा हात

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की सोलापुरात थंडी जाणवू लागते आणि त्याच सुमारास आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मंडळ्यांमध्ये नाताळनिमित्त चादरवाटपाची तयारी सुरू होते. स्टेशनबाहेर, सरकारी रुग्णालयाजवळ किंवा एखाद्या झोपडपट्टीच्या तोंडाशी टेबल मांडले जाते, मागे फलक लागतो, रांग धरली जाते आणि प्रत्येक चादरीबरोबर एक छायाचित्र निघते. त्या छायाचित्रात देणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे असतो आणि घेणाऱ्याची मान बहुधा खाली असते. चादर ऊब देते हे खरे, आणि वाटणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असेही मी म्हणणार नाही, कारण त्यांतील कित्येकांना मी लहानपणापासून ओळखतो व त्यांच्याबरोबर त्या टेबलामागे मीही उभा राहिलो आहे. तरीही गेली काही वर्षे ती छायाचित्रे पाहताना येशूच्या डोंगरावरील प्रवचनातले ते वाक्य मला टोचत राहते, की तू दानधर्म करतोस तेव्हा तुझा उजवा हात काय करतो हे तुझ्या डाव्या हाताला कळू नये.

ख्रिस्ती माणसाचे औदार्य हे त्याच्या श्रद्धेचे प्रकट रूप आहे, असे आपल्या प्रवचनांत वारंवार सांगितले जाते आणि ते मला पूर्णपणे मान्य आहे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. दिलेल्या वस्तूवरचा आणि ती घेणाऱ्या माणसावरचा आपला हक्क देणाऱ्याने पुरता सोडला नसेल, तर ते देणे श्रद्धेतून आलेले नसते, तो व्यवहार असतो, मग त्या व्यवहारात मोबदला म्हणून कृतज्ञता मागितलेली असो, नाव मागितलेले असो, घेणाऱ्याने पुढच्या रविवारी उपासनेला यावे ही अपेक्षा असो, किंवा देवाने शंभरपटीने परत द्यावे ही आशा असो.

यांतील सर्वांत दुखरी गोष्ट, म्हणजे मदतीच्या बदल्यात धर्म मागण्याची, आधी घेतो, कारण तिच्याविषयी आपण आपसांत बोलतो आणि बाहेर गप्प राहतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि सोलापुरात त्यांचे काम 1860 च्या दशकात उभे राहिले. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत या जिल्ह्याने 1876 ते 1878, 1896-97 आणि 1899-1900 असे भीषण दुष्काळ पाहिले. त्या वर्षांत मिशनच्या दाराशी जी माणसे आणि जी पोरकी मुले आली, त्यांच्यातून आजची पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे झाली, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा शिक्का त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या कपाळी आजही मारला जातो. आमच्या घरातली श्रद्धाही अशाच एका दुष्काळाच्या वर्षी सुरू झाली. उपाशी माणसाने अन्न देणाऱ्या हाताकडे जाणे यात मला कसलीही लाज दिसत नाही, आणि अन्न देणाऱ्यांमध्ये देवाचे दर्शन झाले असे जर त्याला मनापासून वाटले असेल, तर त्या वाटण्याची टिंगल करण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडल्यावर केडगाव लागते, तेथे पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे 1900 मध्ये गुजरातेतून शेकडो विधवा व मुली आणून त्यांना जगवले, शिकवले आणि हाताला काम दिले. त्या मुलींना दुसऱ्या कोणत्या दाराने आत घेतले असते, हा प्रश्न आरोप करणाऱ्यांनीही स्वतःला विचारायला हवा.

पण प्रश्नाची दुसरी बाजू आपल्याकडे वळते, आणि ती टाळून चालणार नाही. त्या काळातली सगळीच मदत निरपेक्ष होती असे मी म्हणू शकत नाही. घेणाऱ्याला लाज नव्हती, पण ज्या देणाऱ्याने भाकरीला अट जोडली असेल त्याला ती असायला हवी होती. ओडिशाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968 मध्ये आमिष दाखवून होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले आणि सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये ते वैध ठरवले. पुढे आणखी राज्यांनी असे कायदे केले असून त्यांच्या वापराविषयी माझे गंभीर आक्षेप आहेत, कारण साध्या सेवेकडेही संशयाने पाहण्याची सोय त्यांनी करून ठेवली आहे. मात्र आमिषाला मनाई करण्यासाठी ख्रिस्ती माणसाला कोणत्याही विधानसभेची गरज पडू नये, कारण ती मनाई शुभवर्तमानातच आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू पाच हजार लोकांना जेवू घालतो. जेवण्यापूर्वी तो कोणालाही त्याची श्रद्धा विचारत नाही. जेवून तृप्त झालेले लोक जेव्हा त्याला बळेच राजा करू पाहतात, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून जातो. भाकरीच्या बदल्यात मिळालेली निष्ठा त्याने घेतली नाही, हा या प्रसंगाचा गाभा आहे, आणि तरीही आपण त्याच्यावर बोलताना भाकरी वाढली कशी यावरच थांबतो. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या लोकांपैकी. उरलेले नऊ कोठे आहेत असे येशूने विचारले, पण त्यांचे बरे होणे काढून घेतले नाही. आणि यरीहोच्या वाटेवरचा तो दयाळू शोमरोनी, ज्याचे नाव आपण रुग्णालयांना आणि सेवासंस्थांना देतो, त्याने खाणावळवाल्याला दोन दीनार दिले, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि वर अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगून तो पुढे गेला. जखमी माणसाला शुद्ध आल्यावर आपल्याला कोणी वाचवले हे कळले की नाही, हे येशूने त्या दाखल्यात सांगितलेलेच नाही. सांगण्याची गरज त्याला वाटली नाही, आणि आपल्याला मात्र फलकावर देणगीदारांची नावे कमी पडली तर चुकल्यासारखे होते.

चौथ्या शतकातली एक साक्ष येथे आठवते. सम्राट ज्युलियन ख्रिस्ती श्रद्धेचा उघड विरोधक होता आणि रोमन देवतांची उपासना त्याला पुन्हा उभी करायची होती. 362 मध्ये गलतियाच्या प्रमुख पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याने अशी खंत केली, की हे गालीलकर, म्हणजे ख्रिस्ती लोक, स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, शिवाय आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने तक्रार म्हणून लिहिलेल्या या ओळीपेक्षा मोठे प्रशस्तिपत्रक मंडळीला कधी मिळाले असेल असे मला वाटत नाही. आज सोलापुरात आपल्याविषयी कोणाला तक्रार करायची झाली, तर ती अशी करता येईल का?

आता दुसरा व्यवहार, देवाशी केलेला. अलीकडे शहरात अशा सभा वाढल्या आहेत, जेथे वक्ता सांगतो की अर्पण हे बी आहे, जितके पेराल त्याच्या कितीतरी पट देव उगवून देईल, म्हणून संकट जितके मोठे तितके अर्पण मोठे करा. ऐकणाऱ्यांत विड्या वळणाऱ्या बायका असतात, यंत्रमागावर बारा तास उभे राहणारे असतात, मुलाच्या आजारपणासाठी कर्ज काढलेले असतात. अशा सभेतून दागिना मोडून अर्पण देऊन आलेली एक शेजारीण मला माहीत आहे, आणि पुढच्या वर्षभरात तिच्या घरात काहीही उगवले नाही तेव्हा तिने दोष दिला तो स्वतःच्या अपुऱ्या विश्वासाला. त्या दिवसापासून या शिकवणुकीकडे मतभेद म्हणून पाहणे मला जमत नाही, ती मला पाप वाटते.

या सभांत दोन वचने हमखास वापरली जातात. पहिले मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातले, सगळा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा आणि आकाशकपाटे उघडतात की नाही याची प्रचीती पाहा, हे. ते दहावे वचन आहे. त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात देव सांगतो, की मजुराची मजुरी अडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा व पोरके यांना गांजणाऱ्यांविरुद्ध आणि परक्याचा हक्क बुडवणाऱ्यांविरुद्ध मी साक्ष देण्यास येईन. पाचवे वचन गाळून दहावे वाचणाऱ्याला मलाखीचे नाव घेण्याचा अधिकार नाही. शिवाय बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावाच्या वेशीतच साठवायचा असे आणि तो मंदिरसेवा करणाऱ्या लेव्यांबरोबर उपरी, पोरके व विधवा यांनी पोटभर खायचा असे. म्हणजे ज्या बाईकडून आज दशमांश मागितला जातो, ती मूळ व्यवस्थेत दशमांश घेणाऱ्यांच्या यादीत होती.

दुसरे वचन गरीब विधवेचे. मंदिराच्या भांडारात श्रीमंत लोक पुष्कळ टाकत होते आणि तिने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, पण ते तिच्याजवळ होते तेवढे सगळे होते. तिच्या औदार्यापुढे मान झुकतेच. पण मार्काच्या बाराव्या अध्यायात या प्रसंगाच्या लगेच आधी येशू कोणाविषयी बोलतो? विधवांची घरे गिळंकृत करून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांविषयी. आणि लगेच पुढे, तेराव्या अध्यायाच्या आरंभी, त्या भव्य मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असे तो सांगतो. या दोन वाक्यांच्या मध्ये ती विधवा उभी आहे. गरिबांकडून शेवटचा रुपया कसा काढावा याचा धडा म्हणून तिची गोष्ट सांगणारे, मला वाटते, तिच्या आधीच्या वचनात बसलेले असतात.

मजुरीचा विषय निघालाच आहे तर तेथे थोडे थांबतो, कारण सोलापूर हे मजुरीवर उभे राहिलेले शहर आहे. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पुढे एकामागून एक गिरण्या आल्या, भोंग्यावर शहराचा दिवस चालला, आणि त्या बंद पडल्यावर कुटुंबे यंत्रमागावर, विडीवर आणि धुणीभांड्यांवर आली. विडीची मजुरी हजारावर मोजली जाते आणि कच्ची म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे कष्ट वळणारीच्या अंगावर पडतात. आपल्या मंडळ्यांत मजूर आहेत तसे मजूर ठेवणारेही आहेत, घरकामाला बाई ठेवणारी कुटुंबे तर घरोघर आहेत. आपल्या घरच्या बाईला आजारपणाची रजा भरपगारी न देता नाताळात तिला चादर देणे हे औदार्य नव्हे, कारण त्या चादरीची किंमत आपण वर्षभर तिच्याकडूनच वसूल केलेली असते. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो, की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे. जक्कय या जकातदाराने हे ओळखले होते. येशू त्याच्या घरी आला तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे कबूल केले आणि ज्यांचे अन्यायाने घेतले होते त्यांना चौपट परत करण्याचेही कबूल केले, म्हणजे दान आणि फेडायचे देणे यांची खाती त्याने वेगळी ठेवली. आपण बहुधा देण्याची रक्कम दानाच्या खात्यात लिहितो.

माझी आजी विड्या वळायची. संध्याकाळी भाकरीसाठी पीठ काढण्यापूर्वी ती ज्वारीच्या डब्यातून एक मूठ काढून वेगळ्या पत्र्याच्या डब्यात टाकी, आणि महिनाअखेर तो डबा कोणाच्या तरी घरी जाई. कोणाच्या, हे तिने आम्हाला कधी सांगितले नाही. ज्या महिन्यात कारखान्याकडून पाने कमी आली त्या महिन्यातही मूठ चुकली नाही, फक्त ती लहान झाली. मिझोराममधील मंडळ्यांत रोजच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि त्यातून तेथील मंडळीचे मोठे काम उभे राहिले, हे पुढे वाचले तेव्हा मला आजीचा डबा आठवला. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने हेच सांगितले होते, की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे. वर्षातून एकदा उमाळा येण्याची वाट पाहू नये, एवढाच त्याचा अर्थ.

गरीब माणूस हा केवळ घेणारा असतो, ही समजूत आपल्या मनात मिशनच्या काळापासून मुरली आहे आणि ती आपलीच आपल्याविषयी आहे, म्हणून अधिक घातक आहे. शाळा मिशनने काढावी, दवाखाना मिशनने चालवावा, छप्पर गळले तर मिशनने दुरुस्त करावे, ही सवय मिशनरी गेल्यावरही सुटली नाही. परदेशी देणग्यांविषयीचा 2010 चा कायदा 2020 च्या दुरुस्तीने आणखी कडक झाला, एका संस्थेने दुसरीला तो पैसा देण्यावर बंदी आली, आणि अनेक ख्रिस्ती संस्थांचे काम अडले. या निर्बंधांनी गरिबांचे जे नुकसान केले ते मी कमी लेखत नाही, पण बाहेरचा पैसा थांबताच आपले औदार्यही थांबत असेल, तर ते आपले कधी नव्हतेच. मासेदोनियातल्या मंडळ्यांविषयी पौल लिहितो, की पराकाष्ठेच्या दारिद्र्यातही त्यांचे औदार्य विपुल झाले आणि यरुशलेमातल्या पवित्र जनांच्या सेवेत वाटा मिळावा म्हणून त्यांनीच आग्रहाने विनंती केली. देणे ही त्यांना कृपा वाटत होती. आपल्या महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून दिली आणि उरलेले आयुष्य देवावर व लोकांवर भिस्त ठेवून घालवले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे म्हणणाऱ्या या माणसाला, पगारावर टिकणारी श्रद्धा या मातीत रुजणार नाही, हे कळले होते असे मला वाटते.

या शहरात औदार्य शिकवणारे आपण एकटे नाही, पहिलेही नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी येथे तलाव खोदवला अशी परंपरा सांगते, आणि बसवण्णांच्या परंपरेतील शरणांच्या शिकवणीत कायक व दासोह, म्हणजे श्रम आणि त्या श्रमाच्या फळाची वाटणी, एकमेकांपासून वेगळे नाहीत. आषाढीला पंढरीच्या वाटेवर अन्नछत्रे लागतात, रमजानमध्ये जकात निघते. या शेजाऱ्यांपेक्षा आपण अधिक दानशूर आहोत असे म्हणणे खोटेही ठरेल आणि उद्धटपणाचेही. आपल्या देण्याचे कारण तेवढे आपले आहे. आपला प्रभू धनवान असता आपल्यासाठी दरिद्री झाला, असे पौल त्याच मासेदोनियाच्या प्रकरणात लिहितो, आणि ज्याला हे फुकट मिळाले आहे त्याने पुढे देताना किंमत लावावी हे विसंगत आहे.

छायाचित्रांच्या बाजूने एक सूज्ञ आक्षेप घेतला जातो. तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, असे येशूनेच सांगितले आहे, चांगले काम दिसले तरच इतरांना स्फूर्ती मिळते, आणि देणगीदारांना हिशोबही दाखवावा लागतो. यातील हिशोबाचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे. यरुशलेमासाठी गोळा केलेली रक्कम नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, जेणेकरून कोणालाही दोष ठेवता येऊ नये. देणाऱ्याचे नाव झाकावे आणि पैशाचा हिशोब उघडा ठेवावा, हे दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट चालते, पंख्याच्या पात्यांवर आणि बाकांच्या पाठीवर नावे असतात आणि लेखापरीक्षित ताळेबंद मात्र सभासदांना वेळेवर मिळत नाही. राहिला प्रकाशाचा मुद्दा, तर त्या वचनाचे उरलेले अर्धे असे आहे की लोकांनी तुमची सत्कर्मे पाहून तुमच्या स्वर्गातील पित्याचे गौरव करावे. मान खाली घातलेल्या बाईच्या चेहऱ्यावर टाकलेल्या प्रकाशात पित्याचे गौरव कोणाला दिसेल?

म्हणून मी आमच्या मंडळीच्या पंचांपुढे एक लेखी सूचना ठेवली आहे. प्रत्येक घराने रोज मूठभर ज्वारी, गहू किंवा तांदूळ बाजूला काढावे. 9 सप्टेंबर 2022 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियानात कोणतीही व्यक्ती वा संस्था ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंद करून, उपचार घेत असलेल्या आणि तशी संमती दिलेल्या क्षयरुग्णांना निदान सहा महिने पोषणाची शिधापिशवी पुरवू शकते. सरकार रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा पूर्वी 500 रुपये जमा करी, नोव्हेंबर 2024 पासून ती रक्कम 1,000 रुपये झाली आहे, तरी महागाईत ती पुरी पडत नाही. शिधापिशवीत प्रौढ रुग्णासाठी महिन्याला साधारण तीन किलो धान्य, शिवाय डाळ, तेल आणि दूधपावडर किंवा शेंगदाणे असतात. माझ्या घरी मोजून पाहिले, मूठभर ज्वारी पन्नास ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे दोन घरांच्या महिनाभराच्या मुठीत एका रुग्णाचे धान्य निघते, आणि शेंगा तर सोलापूरकराच्या घरात असतातच. तंबाखूच्या आणि कापसाच्या धुळीत आयुष्य गेलेल्या या शहरात फुप्फुसांच्या रोगाइतके जवळचे दुखणे दुसरे नाही.

रुग्णांची यादी आरोग्य केंद्राकडून येईल, त्यामुळे जात-धर्म पाहून निवड करण्याचा प्रश्नच उद्भवणार नाही. धान्य महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर एकत्र वजन करावे, घरागणिक नोंद ठेवू नये, आणि एकूण आवक-जावक मात्र दर तिमाहीला सूचनाफलकावर लावावी. पिशवीवर मंडळीचे नाव, वचन किंवा क्रूसाचे चिन्ह छापू नये. एका पंचांनी विचारले, की निदान वचन तरी का नको. मी त्यांना सांगितले, की घेणाऱ्याने आपणहून विचारले तर जरूर सांगावे, पण भुकेल्याच्या हातात पडणाऱ्या पिशवीवर ते छापले, तर ते न वाचण्याची मोकळीक त्याला राहत नाही. पिशव्या साध्या सुती असाव्यात, येथेच विणलेल्या कापडाच्या, आणि शिवणाऱ्या बायकांना त्यांची मजुरी पिशव्या ताब्यात घेताना त्याच दिवशी रोख द्यावी, एवढे कलम शेवटी घातले आहे.